‘आधी कर्ज फेडा’: चार्ल्स मेरिलचं मार्च १९२८ मधलं पत्र

३१ मार्च १९२८ या तारखेचं एक पत्र न्यूयॉर्कच्या एका पेढीनं आपल्या गिऱ्हाइकांना धाडलं. पेढीचं नाव मेरिल, लिंच अँड कंपनी. मजकुराचा मथितार्थ असा: कर्जातून बाहेर पडायची हीच वेळ आहे. दिसेल तो शेअर विकून मोकळे व्हा, असं आमचं म्हणणं नाही. पण आज चढे भाव मिळताहेत, त्यांचा फायदा घेऊन देणं हलकं होईल एवढे तरी विका, आणि जमत असेल तर देणं पुरतं फेडूनच टाका.

एरवी असला सल्ला घरातल्या वडीलधाऱ्यांनी दिला असता. इथं तो दलाल देत होता. त्या काळी दलाली पेढीचं पोट दोन गोष्टींवर चालायचं. एक, खरेदी-विक्रीवरची दलाली. दुसरी, गिऱ्हाइकाला शेअर घ्यायला जे पैसे उधार दिले त्यावरचं व्याज. पेढी स्वतः बँकेकडून एका दरानं पैसे उचलायची, गिऱ्हाइकाला जरा चढ्या दरानं द्यायची आणि मधला फरक खिशात टाकायची. म्हणजे गिऱ्हाईक जितकं उधारीत, तितकी पेढी मजेत. पत्र लिहिणारा चार्ल्स मेरिल या दुसऱ्या कमाईवर आपण होऊन पाणी सोडत होता, तेही बाजार ऐन रंगात असताना. डाऊ जोन्स, म्हणजे न्यूयॉर्कच्या बाजारातल्या बड्या शेअरांच्या भावाचा निर्देशांक, त्या दिवशी २१० च्या थोडा वर होता. पुढच्या सतरा महिन्यांत तो ३८१ ला गेला.

मेरिलचं नाव निघालं की ‘१९२९ ची मंदी आधी ओळखलेला माणूस’ अशी ओळख करून दिली जाते. ती मला अर्धवट वाटते. पत्राचा रोख भाव किती पडेल यावर नाहीच. तो आहे गिऱ्हाइकाच्या डोक्यावरच्या देण्यावर. हे देणं त्यालाच का खुपलं, याचं उत्तर त्याच्या आधीच्या वीस वर्षांत सापडतं. म्हणून हे प्रकरण पत्रापासून मागे जाऊन वाचायला हवं.

पत ओळखायला शिकलेला मुलगा

चार्ल्स एडवर्ड मेरिलचा जन्म १९ ऑक्टोबर १८८५ चा, फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या लहानशा गावचा. वडील डॉक्टर, शिवाय औषधांचं दुकान चालवायचे. घरची स्थिती खाऊनपिऊन बरी, पण शिल्लक फारशी नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲम्हर्स्ट कॉलेजात तो दोन वर्षं होता आणि पदवी न घेताच बाहेर पडला. मग मिशिगन विद्यापीठात वर्षभर कायदा, एका उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या वर्तमानपत्रात बातमीदारी, मिसिसिपीत थोडे दिवस पैसे घेऊन बेसबॉल. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंतचा हा हिशेब आपल्याकडच्या कुठल्याही काकांनी ‘पोरगं मार्गी लागत नाही’ या खात्यात टाकला असता.

१९०७ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि एका कापड गिरणी कंपनीच्या कचेरीत चिकटला. ज्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं तिच्या वडिलांचीच ती गिरणी होती. लग्न पुढे मोडलं, पण ही नोकरी त्याला बरंच शिकवून गेली. त्याच ऑक्टोबरात निकरबॉकर ट्रस्ट कंपनीसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि न्यूयॉर्कच्या पेढ्या एकामागून एक हादरल्या. रोकड मिळेना झाली. अशा वेळी गिरणीच्या कचेरीत बसलेल्या माणसाला एक गोष्ट लख्ख दिसते: गोदामात माल आहे, खातेवहीत नफा आहे, तरी पगाराच्या दिवशी हातात पैसे नसले तर धंदा बसतो. कोण वेळेवर पैसे देतो, कोण नुसत्या तारखा देतो, कुठली बँक अडचणीत उभी राहते, हे बावीस वर्षांचा मेरिल पुस्तकात शिकला नाही.

१९०९ मध्ये तो जॉर्ज एच. बर अँड कंपनीत गेला. ही पेढी व्यापारी हुंड्यांची. आपल्याकडच्या जुन्या हुंडीसारखाच तो प्रकार: चांगल्या पतीचा व्यापारी काही महिन्यांच्या मुदतीची चिठ्ठी लिहून देतो, पेढी ती सूट कापून घेते आणि पुढे बँकांना विकते. या धंद्यात सगळं पतीवर. मेरिलकडे तिथला नवा रोखे विभाग आला आणि मदतीला त्यानं एडमंड लिंचला बोलावलं. हा लिंच सोडा फाउंटनची यंत्रं विकायचा. दोघांची ओळख वायएमसीएच्या वसतिगृहातली. मेरिल मोठी स्वप्नं रंगवणारा, गप्पिष्ट, खर्चिक. मित्र त्याला ‘गुड टाइम चार्ली’ म्हणायचे. लिंच त्याच्या उलट, समोरच्याचा कागद उलटापालटा करून बघितल्याशिवाय मान न हलवणारा. भागीदारी टिकली ती या विजोडपणामुळेच असावी.

१९११ मध्ये मेरिलनं एका साप्ताहिकात सामान्य गुंतवणूकदारावर लेख लिहिला. सूर असा, की पेढ्या मोजक्या श्रीमंतांच्या मागे धावतात. थोडीथोडी बचत करणारे हजारो लोक आहेत, त्यांच्या गरजेप्रमाणे सल्ला देणारं कुणी नाही. तेव्हा हा लेख लिहिणाऱ्याचं वय होतं सव्वीस, आणि स्वतःची पेढी काढायला अजून दोन वर्षांहून जास्त अवकाश होता.

रोखीचा धंदा

६ जानेवारी १९१४ ला ७, वॉल स्ट्रीट या पत्त्यावर ‘चार्ल्स ई. मेरिल अँड कंपनी’ उघडली. काही महिन्यांत लिंच येऊन मिळाला आणि १९१५ मध्ये पाटीवर दोघांची नावं आली. मुहूर्त म्हणाल तर वाईटच. जुलैअखेर युरोपात युद्ध पेटलं आणि न्यूयॉर्कचा शेअर बाजार चार महिन्यांहून जास्त काळ बंद राहिला.

नवी पेढी, भांडवल बेताचं. रेल्वे, पोलाद, सरकारी रोखे ही बडी गिऱ्हाइकं मॉर्गनसारख्या घराण्यांकडे पिढीजात बांधलेली. त्या ताटात नवख्याला कोण घेणार? मेरिलनं दुसरीकडे पाहिलं: साखळी दुकानं. पाच-दहा सेंटांत बारीकसारीक वस्तू विकणारी, एकाच नावाखाली गावोगाव शाखा काढणारी ही दुकानं झपाट्यानं वाढत होती आणि त्यांना भांडवल हवं होतं. गोल्डमन आणि लेहमन या पेढ्यांनी या वाटेवर आधीच पाऊल टाकलं होतं, त्यामुळे शोध मेरिलचा म्हणता येत नाही. पण त्यानं यावर जितकं लक्ष लावलं तितकं क्वचितच कुणी लावलं. जॉर्ज बरच्या पेढीत असताना क्रेस्गे, स्वतःच्या पेढीत मॅकक्रोरी, पुढे इतर कितीतरी. समभाग बाजारात आणून देण्याच्या मोबदल्याचा काही भाग तो रोख न घेता त्याच कंपनीचे शेअर पुढे घेण्याच्या हक्काच्या रूपात घ्यायचा. दुकानं वाढली की मेरिलही वाढायचा.

या दुकानांचा मेरिलच्या डोळ्यांना भावणारा गुण म्हणजे त्यांचा गल्ला. माल रोखीनं विकायचा, वही नाही, उधारी नाही. संध्याकाळी पेटीत पडले तेवढे खरे. १९२६ मध्ये त्यानं पश्चिम किनाऱ्यावरच्या किराणा दुकानांच्या साखळ्या एकत्र बांधल्या, त्याच सेफवे. या नावामागे मजेदार तर्क आहे. तोवर अमेरिकेतला वाणीही आपल्या वाण्यासारखाच: माल घेऊन जा, वहीत लिहू, महिन्यानं द्या. सेफवेत रोख द्यायचे आणि माल उचलायचा, म्हणजे कुटुंब किराण्याच्या देण्यात बुडायची भीती नाही. हा ‘सुरक्षित मार्ग’. नाव मेरिलच्या आधीचं, पण पुढे १९२८ ला गिऱ्हाइकांना पत्र लिहिणाऱ्या माणसाच्या हाती हेच दुकान यावं, हा योग नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पत्रानंतरचे महिने

आता परत १९२८ कडे. शेअर दलालांनी गिऱ्हाइकांसाठी उचललेलं कर्ज वर्षाच्या सुरुवातीला साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास होतं. ऑक्टोबर १९२९ पर्यंत ते साडेआठ अब्जांवर गेलं. पैसे देणाऱ्यांत नुसत्या बँका नव्हत्या. हातातली रोकड कारखान्यात घालण्यापेक्षा दलालांना दिली तर जास्त व्याज सुटतं, हे मोठमोठ्या कंपन्यांनीही ओळखलं होतं. हे कर्ज ‘कॉल’वरचं, म्हणजे देणाऱ्यानं मागितलं की दुसऱ्या दिवशी परत. सावकार उद्या दारात उभा राहू शकतो आणि आपल्या हातात काय, तर ज्याचा भाव रोज बदलतो असा कागद. दलाल स्ट्रीटवर ‘बदला’ पद्धतीच्या, म्हणजे व्याज भरून सौदा पुढे ढकलत राहण्याच्या दिवसांत हात पोळलेल्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको.

मेरिलनं पत्र पाठवून हात झटकले नाहीत. पेढीजवळचे आणि स्वतःचे शेअर विकावेत, देणी फेडावीत, म्हणून तो लिंचच्या मागे लागला. लिंच बधेना. बाजार वर जातोय, शेजारच्या पेढ्या पैसे ओढताहेत आणि आपण माल विकून बसायचं? जो माणूस प्रत्येक कागद उलटून पाहायचा, त्याला तेजीचा कागद मात्र खरा वाटत होता. वादावादी बरेच महिने चालली. शेवटी लिंचनं मान तुकवली, पण मनापासून नाही.

त्या काळातल्या दोन गोष्टी मेरिलच्या चरित्रात हमखास येतात. पहिली कॅल्विन कूलिजची. कूलिज तेव्हा अध्यक्षपदाच्या शेवटच्या टप्प्यात होते आणि मेरिलसारखेच ॲम्हर्स्टचे. सट्ट्याविरुद्ध जाहीरपणे काही बोला, अशी गळ मेरिलनं त्यांना घातली. पद सुटल्यावर आमच्या पेढीत या, असंही सुचवलं. कूलिज दोन्हीला बधले नाहीत. दुसरी गोष्ट सांगोवांगीची, पण मला जास्त महत्त्वाची वाटणारी. सगळं जग एकीकडे आणि आपण दुसरीकडे, तेव्हा बिघाड आपल्याच डोक्यात असावा असं वाटून मेरिल मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला. काही भेटींनंतर म्हणे त्या डॉक्टरांनी स्वतःचे शेअर विकून टाकले. गोष्टीला तिखटमीठ लागलेलं असणारच. पण अठरा महिने रोज चूक ठरत राहणाऱ्या माणसाचं मन कसं झालं असेल, ते तिच्यात दिसतं.

कारण तो खरोखरच रोज चूक ठरत होता. १९२८ संपलं तेव्हा डाऊ बरोबर ३०० वर होता. ज्यांनी मेरिलचं ऐकून मार्चमध्ये विकलं, त्यांनी नाताळात शेजाऱ्यांच्या नव्या गाड्या पाहत दिवस काढले असतील. मार्च १९२९ च्या शेवटच्या आठवड्यात कॉल पैशाचा दर २० टक्क्यांवर गेला, बाजार दचकला. नॅशनल सिटी बँकेच्या चार्ल्स मिचेल यांनी अडीच कोटी डॉलर बाजारात ओतायची तयारी दाखवली आणि पुन्हा तेजी सुरू झाली. ३ सप्टेंबरला ३८१. पत्राच्या दिवसापासून जवळजवळ ऐंशी टक्के वर.

मग २४ ऑक्टोबरचा गुरुवार, १ कोटी २९ लाख शेअरांची उलाढाल. त्यापाठोपाठ सोमवार २८ आणि मंगळवार २९. सोमवारी निर्देशांक जवळपास १३ टक्के पडला, मंगळवारी जवळपास १२, आणि मंगळवारची उलाढाल १ कोटी ६४ लाखांवर.

इथं एक साधा हिशेब मांडून बघू, कारण पत्राचं मर्म त्यात आहे. एका गिऱ्हाइकाजवळ स्वतःचे २,५०० डॉलर आहेत. दलालाकडून ७,५०० उधार घेऊन त्यानं १०,००० चे शेअर घेतले. दोन दिवसांत बाजार मिळून २३ टक्के खाली. शेअरांची किंमत ७,७००. दलालाचे ७,५०० वजा केले की उरले २००. प्रत्यक्षात तेही उरत नाहीत, कारण सोमवारी दुपारीच दलालाची तार येते: आणखी अनामत भरा. भरता आली नाही की दलाल मिळेल त्या भावाला विकतो, आणि त्या विक्रीनं पुढच्याचा भाव आणखी पडतो. आता दुसरं गिऱ्हाईक घ्या. त्याचेही स्वतःचे २,५००, पण उधारी शून्य. त्याच दोन दिवसांनंतर त्याच्याजवळ १,९२५ डॉलरचे शेअर आहेत. रात्री झोप लागणार नाही, पण सकाळी त्याला विकायला कुणी भाग पाडणार नाही. दोघांनी एकच शेअर घेतला होता, एकाच दिवशी, एकाच भावानं.

मेरिलचं पत्र पहिल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या जागी नेऊन बसवू पाहत होतं. बाजार कधी पडेल, हे त्यासाठी ठाऊक असण्याची गरजच नव्हती. म्हणून ‘तो दीड वर्ष आधी बोलला, म्हणजे त्याचा अंदाज चुकलाच’ हा आक्षेप मला लंगडा वाटतो. त्यानं तारीख दिली नव्हती. उधारीवरचा शेअर आणि पदरचा शेअर यांतला फरक सांगितला होता.

बाजारातून अंग काढणं

१९३० च्या सुरुवातीला मेरिल आणि लिंच यांनी आणखी एक पाऊल उचललं. दलालीचा सगळा धंदा, शाखा आणि बहुतेक कर्मचारी ई. ए. पिअर्स अँड कंपनी या दुसऱ्या दलाली पेढीकडे सोपवले. स्वतःकडे ठेवलं ते भांडवल उभारून देण्याचं काम आणि सेफवेतली गुंतवणूक. किरकोळ गुंतवणूकदारासाठी १९११ मध्ये लेख लिहिणारा माणूस १९३० मध्ये त्या गुंतवणूकदाराकडे पाठ फिरवून निघाला, असंही याचं वर्णन करता येईल.

इथं मेरिलच्या द्रष्टेपणाची कथा जरा अडखळते. जाताना त्यानं आणि लिंचनं मिळून पन्नास लाख डॉलरच्या आसपास भांडवल पिअर्सच्या पेढीत घातलं. पुढची दहा वर्षं दलालीच्या धंद्याला भाकड गेली. डाऊ ८ जुलै १९३२ ला ४१ वर येऊन टेकला. लोकांनी शेअर बाजाराचं नाव टाकलं. पिअर्सचं भांडवल झिजत राहिलं आणि त्यात मेरिलचे पैसे अडकलेले. मार्च १९२८ ला ज्यानं देण्याचा धोका अचूक ओळखला, त्यालाच १९३० ला दुष्काळ किती लांबणार हे कळलं नाही.

तीसच्या दशकात तो मुख्यतः किराणा दुकानदार होता. १९३१ मध्ये सेफवेची साडेतीन हजारांवर दुकानं होती. स्थानिक वाण्यांची साखळ्यांविरुद्ध चळवळ उभी राहिली. कॅलिफोर्नियानं दुकानांच्या संख्येनुसार चढत जाणारा कर बसवला, आणि नोव्हेंबर १९३६ च्या सार्वमतात मतदारांनी तो फेटाळला. प्रचारात शेतकऱ्यांना पुढे करण्यात आलं. पीचचं पीक जास्त झालं तेव्हा साखळ्यांनीच ते खपवून दिलं होतं, त्याची आठवण लोकांना दिली गेली. लोकमत मोजायचं, मग त्याच्याशी बोलायचं, हा धडा मेरिलनं इथं गिरवला. वॉल स्ट्रीटवर तो पुढे कामी आला.

१२ मे १९३८ ला लंडनमध्ये लिंच वारला. त्याच वर्षी पेढीच्या नावातला, मेरिल आणि लिंच यांच्यामधला स्वल्पविरामही गेला.

तोट्याचा अहवाल

१९३९ संपता संपता पिअर्सच्या पेढीतली भागीदारीची मुदत भरत आली. भांडवल पुन्हा उभं करायचं तर कुणाकडे जायचं? पिअर्सच्या शिकागो शाखेचा प्रमुख विनथ्रॉप स्मिथ. मेरिलचा जुना माणूस, तोही ॲम्हर्स्टचाच. त्यानं मेरिलला गळ घातली: परत या. मेरिल तेव्हा चोपन्न वर्षांचा. दुसरा घटस्फोट नुकताच उरकलेला, तिसरं लग्न झालेलं, पाम बीच आणि साउथॅम्प्टनला प्रशस्त घरं. बाजाराची अवस्था अशी, की १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात सव्वा अब्जाला थोडे कमी शेअर हातोहात फिरले होते. १९४० साली साधारण वीस कोटी. असल्या धंद्यात परत पाऊल टाकायला एक तर खुळा पाहिजे, नाहीतर त्याला काही वेगळं दिसलेलं पाहिजे.

पैसे घालण्याआधी पिअर्सच्या गिऱ्हाइकांची चौकशी लॉस एंजेलिसच्या टेड ब्राउन या सल्लागाराकडून करवून घेण्यात आली. लोकांनी साफ सांगितलं: दलाल आमचं भलं बघत नाही, तो आमच्याकडून सतत खरेदी-विक्री करवून घेतो कारण त्याची कमाई त्यात आहे. यात लोकांचं काही चुकत नव्हतं. शेअर बाजारानं दलालीचा किमान दर ठरवून दिलेला होता आणि ती रीत १९७५ पर्यंत टिकली. त्यामुळे दर कमी करून विश्वास मिळवायची वाट बंदच होती. उरली विकणाऱ्याच्या पगाराची वाट.

१ एप्रिल १९४० ला नवी पेढी सुरू झाली: मेरिल लिंच, ई. ए. पिअर्स अँड कॅसॅट. त्याच आठवड्यात शाखाप्रमुखांना न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात बोलावून धोरण सांगण्यात आलं. गिऱ्हाइकाचं हित सगळ्यात आधी. शेअर विकणाऱ्यांना दलालीत वाटा नाही, ठरलेला पगार. एखाद्या कंपनीत पेढीचा किंवा भागीदारांचा हितसंबंध असेल, तर तिचे शेअर सुचवताना ते सांगायचं. पिअर्सच्या मुरलेल्या दलालांना पगाराची कल्पना कडू लागली असणार. ज्याची महिन्याची कमाई गिऱ्हाइकाच्या अस्वस्थतेवर चालते, त्याला स्थिर पगार म्हणजे पगारकपातच.

पहिल्या वर्षाचा हिशेब लागला तेव्हा पेढीला तीन लाख डॉलरहून जास्त तोटा होता. मेरिलनं तो वार्षिक अहवालात छापून सगळ्यांसमोर ठेवला. या एका गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. वॉल स्ट्रीटच्या पेढ्या भागीदारीतल्या. आपला ताळेबंद कुणाला दाखवायचं त्यांच्यावर बंधन नव्हतं आणि दाखवायची पद्धतही नव्हती. ज्याला गिऱ्हाइकांचा विश्वास परत मिळवायचा आहे तो आपल्या पहिल्याच वर्षाचा तोटा का छापेल? उत्तर पुन्हा बरच्या हुंडीपेढीत सापडतं. तिथं समोरच्या व्यापाऱ्याला उधार द्यायचं तर आधी त्याचा ताळेबंद बघायचा, हा पहिला नियम. शेअर ठेवायला देणारं गिऱ्हाईक खरं तर दलालाला उधारच देत असतं. मग त्यानं दलालाचा ताळेबंद का बघू नये? १९२८ च्या पत्रात मेरिलनं गिऱ्हाइकाची पत तपासली होती. १९४१ च्या अहवालात स्वतःची तपासायला दिली. माझ्या मते दुसरं जास्त अवघड होतं.

बाकीचं भराभर सांगता येईल. १९४१ मध्ये फेनर अँड बीन ही मोठी पेढी सामील झाली. १९४४ मध्ये हृदयविकाराचे झटके आले आणि त्यानंतर मेरिलनं कचेरीत रोज बसणं सोडलं. स्मिथनं पेढी चालवली. १९ ऑक्टोबर १९४८ ला, योगायोगानं मेरिलच्या त्रेसष्टाव्या वाढदिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये पेढीची पानभर जाहिरात आली. चित्र नाही, सहा हजारांवर शब्द, शेअर म्हणजे काय आणि रोखा म्हणजे काय हे सांगणारा नुसता मजकूर. लुई एंगेलनं लिहिलेली ही जाहिरात पुढे वर्षानुवर्षं छापली गेली. जानेवारी १९५६ मध्ये फोर्ड मोटर कंपनीचे एक कोटीवर शेअर पहिल्यांदा जनतेला विकले गेले, तेव्हा ते विकणाऱ्या प्रमुख पेढ्यांत मेरिल लिंच होती. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मेरिल गेला. मालमत्तेचा मोठा हिस्सा कॉलेजं, दवाखाने आणि चर्चना. मुलांपैकी जेम्स पुढे अमेरिकेचा नामवंत कवी झाला. वडिलांच्या घराची पडझड त्याच्या कवितेत वेगळ्या नजरेतून आली, पण तो या प्रकरणाचा विषय नाही.

पत्राचं मोल

मराठी वाचकाला ‘मेरिल लिंच’ हे नाव परकं नाही. मुंबईत नव्वदच्या दशकापासून ‘डीएसपी मेरिल लिंच’ अशी जोडपाटी होती. आणि सप्टेंबर २००८ मध्ये ही पेढी बँक ऑफ अमेरिकेनं विकत घ्यायचं ठरवलं, ती बातमी बहुतेकांना आठवत असेल. गृहकर्जांवर रचलेल्या कागदांनी तिचे ताळेबंद भरले होते आणि भांडवलाच्या कित्येक पट उधारी डोक्यावर होती. संस्थापकाच्या पत्राला तेव्हा ऐंशी वर्षं झाली होती. यावर ‘बघा, विसरले’ म्हणून बोट दाखवणं सोपं आहे, पण पेढीचा संस्थापक आणि त्याच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनीचा तिचा ताळेबंद यांत सरळ रेघ ओढणं मला पटत नाही. मेरिलची पेढी मूठभर भागीदारांच्या स्वतःच्या पैशांवर चाले. २००८ ची भागधारकांच्या पैशांवर. चुकलं तर कुणाचं घर विकलं जाणार, हे दोन्हीकडे वेगळं होतं.

पत्राचं मोल ठरवताना दुसरा एक मोह टाळायला हवा: सगळं श्रेय मेरिलच्या सचोटीला देण्याचा. १९२८ मध्ये त्याची बरीचशी संपत्ती साखळी दुकानांच्या शेअरांत होती, आणि दलालीच्या व्याजावर त्याचं घर चालत नव्हतं. दुसऱ्या एखाद्या पेढीला असं पत्र लिहिणं जड गेलं असतं, ते त्याला त्यामानानं परवडण्याजोगं होतं. खरेपणा परवडणं हीही एक मिळकतच, आणि ती त्यानं रोखीच्या दुकानांतून कमावली होती.

आकड्यांचा हिशेब मात्र पत्राच्या बाजूचा निघतो, तोही लवकर. १३ नोव्हेंबर १९२९ ला डाऊ १९८ वर उतरला, म्हणजे पत्राच्या दिवसाच्याही खाली. त्यानंतर निर्देशांक वर आला, पुन्हा पडला, ४१ ला जाऊन आला, युद्ध पाहून आला. २९ मे १९४६ ला तो २१२ वर पोचला आणि तिथून परत फिरला. १९२८ च्या मार्चअखेर होता, जवळपास तिथंच. पत्र लिहिणारा तेव्हा साठ वर्षांचा होता. डॉक्टरांनी दगदग बंद केलेली, म्हणून घरात बसून स्मिथला पत्रं लिहीत होता.